आत्याआजीच्या हाताला फुटलेले दात

"आजोबा, शकूआत्याआजीच्या हाताला दात फुटलेत," कस्तुरी म्हणाली.

खऱ्या हाताला नव्हे हो, पडद्यावरच्या! खरी आत्याआजी, म्हणजे आजोबांची धाकटी बहीण, शेजारीच चकली खात बसली होती आणि तिचा जीव नुसता टांगणीला लागला होता.

गोष्ट होती तिच्या शाळेतल्या खो-खोच्या अंतिम सामन्याची. शेवटच्या क्षणी खांबावरून सूर मारून आपण समोरच्या संघातल्या विमलला गाठलं, असं तिचं म्हणणं. पंच म्हणाले, हात लागलाच नाही, आणि सामना गेला. पुढे दोघी जिवलग मैत्रिणी झाल्या, केस पिकले, तरी "लागला होता", "नव्हता लागला" हा वाद काही मिटला नाही. खोटी ठरेल तिने पुरणपोळ्या करून घालायच्या, असं ठरलेलं. आज संध्याकाळी विमल सांगलीला येणार होती.

सामन्याची कॅसेट होती, पण ती दाखवणाऱ्या जुन्या टीव्हीने कधीच राम म्हटला होता. आजोबा पूर्वी टीव्हीच्या प्रक्षेपण केंद्रात अभियंते होते. त्यांनी माळ्यावरून जुना संगणक काढला. त्यात ट्यूनर कार्ड (टीव्हीचे आणि कॅसेटचे संकेत संगणकाला समजतील असे करून देणारी पट्टी) होतं. कॅसेट लावायचं यंत्र त्याला जोडलं. चित्र आलं, पण पळणाऱ्या मुलींच्या कडा कंगव्यासारख्या दातेरी दिसत होत्या.

"वायर सैल असेल," कस्तुरी म्हणाली. वायर घट्ट केली, कॅसेट पुसली. दात तसेच.

"आता नीट बघ," आजोबा म्हणाले. "कुणाला दात नाहीत?"

"खांबाला नाहीत. बसलेल्या मुलींनाही नाहीत. जी जोरात पळते तिचे दात लांब!"

"शाब्बास. म्हणजे दुखणं हालचालीत आहे."

इतक्यात घरातला यंत्रमानव खटपट्या पुढे आला. "मी चित्र दुरुस्त करून देतो," असं म्हणून त्याने क्षणात गुळगुळीत चित्र पडद्यावर आणलं. त्यात आत्याआजीचा हात विमलच्या पाठीला चक्क टेकला होता.

"बघा! मी काय सांगत होते?" आत्याआजीने चकली खाली ठेवली. कस्तुरीलाही टाळी द्यावीशी वाटली.

"खटपट्या, हे तू पाहिलंस की ठरवलंस?" आजोबांनी विचारलं.

"दातांच्या मधल्या जागा मी अंदाजाने भरल्या," खटपट्या प्रामाणिकपणे म्हणाला.

आजोबांनी दोन्ही हातांची बोटं एकमेकांत गुंफली. "जुना टीव्ही पूर्ण चित्र एकदम दाखवत नसे. आधी एक सोडून एक अशा ओळी, मग उरलेल्या. दोन अर्ध्यांमध्ये सेकंदाचा पन्नासावा भाग जायचा. टीव्हीवर ती एकापाठोपाठ येत, म्हणून डोळ्याला कळत नसे. आपला संगणक मात्र दोन्ही अर्धी एकदम दाखवतोय. आता समज, मधल्या वेळात विमल पुढे सरकली." त्यांनी एक हात जरा मागे ओढला. बोटांची टोकं एकाआड एक पुढेमागे झाली.

"हेच ते दात!" कस्तुरी म्हणाली. "मग ओळी वेगळ्या केल्या तर?"

"त्यालाच डीइंटरलेसिंग (गुंफण सोडवणे) म्हणतात. कर बघू."

कस्तुरी थबकली. खटपट्याचंच चित्र ठेवलं असतं तर आत्याआजी जिंकली असती आणि कुणाला पत्ताही लागला नसता. तिने आत्याआजीकडे पाहिलं.

"माझ्याकडे काय बघतेस?" आत्याआजी म्हणाली. "खरं असेल ते दाखव."

कस्तुरीने ओळी वेगळ्या केल्या. पहिल्या अर्ध्यात विमल होती, पण हात अजून मागे होता. दुसऱ्यात हात बरोबर तिच्या पाठीच्या जागी पोचला होता, पण विमल तिथून निसटली होती. दोन क्षण एकात मिसळल्यामुळे हात लागल्यासारखा दिसत होता. पुढच्या चित्रांत तर विमल आणखीच लांब गेली होती.

कस्तुरीला फार वाईट वाटलं. आत्याआजी खुर्ची ओढून पडद्याजवळ सरकली.

"पुन्हा लाव," ती मग म्हणाली. "सावकाश."

कस्तुरीने लावलं. एकही दात नसलेली, वेणी उडालेली एक मुलगी जमिनीला समांतर हवेत झेपावली होती.

"अगंबाई, मी एवढी उडाले होते?" आत्याआजीचे डोळे भरून आले. "टीव्हीवर हे कधी दिसलंच नाही गं. पापणी लवेपर्यंत संपायचं, आणि थांबवलं की चित्र थरथरायचं." तिने डोळे पुसले आणि पदर खोचला. "खटपट्या, कुकरला हरभऱ्याची डाळ लाव. मोजून हं, अंदाजाने नको."

संध्याकाळी विमलने पोळी खाता खाता ते चित्र पाहिलं आणि तिचा घास हातातच राहिला.

"शके, तू इतक्या जवळ होतीस? मला तर आयुष्यभर वाटत आलं, चांगली हातभर लांब होतीस."

"म्हणजे तूही चुकलीस," असं म्हणत आत्याआजीने तिच्या पोळीवर तुपाची धार सोडली.

"माझ्याकडे पुढच्या वर्षीच्या आपल्या सामन्याचीही कॅसेट आहे," विमल म्हणाली. "त्यातही एक भांडण शिल्लक आहे बरं का."

कस्तुरीने हात पुसून संगणकासमोरची खुर्ची आधीच पकडली होती.