दोरीहून जवळची वाट

विमान कंपनीच्या ऑफिसात तिला सगळे दोरीबाई म्हणत. विमानांचे मार्ग आखणं हे तिचं काम. नवा माणूस आला की हमखास विचारायचा, "सरळ जायचं सोडून विमान उत्तरेकडून वळसा का घेतं?" मग ती टेबलावरच्या पृथ्वीच्या गोलावर दोन शहरांमध्ये दोरी ताणून धरायची. दोरी आपसूक उत्तरेला चढायची. "नकाशा सपाट आहे, पृथ्वी नाही. तुम्हाला वळसा वाटतो, तोच सगळ्यात जवळचा रस्ता," एवढं सांगून ती पुन्हा वाऱ्याच्या आकड्यांत डोकं खुपसायची.

त्या दिवशी मात्र तिचं आकड्यांत लक्ष नव्हतं. दुपारी चारला बाबांचं हृदयाचं ऑपरेशन होतं. डॉक्टर हातचं राखून बोलले होते. धाकटी बहीण पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाहून निघाली होती, आणि तिच्या विमानाचा मार्ग दोरीबाईनंच आखला होता. समोरून जोराचा वारा असला तर जवळची वाट सोडावी लागते. पण वारा पडलेला होता, म्हणून तिनं दोरीचीच वाट दिली. तरी विमान तासभर उशिरा सुटलं. आता ते साडेतीनला उतरणार, म्हणजे बापलेकींची भेट हुकल्यातच जमा.

अकराच्या सुमाराला विमान मोकळ्या समुद्रावर होतं. दर पंधरा मिनिटांनी त्याचा ठावठिकाणा पडद्यावर, आखलेल्या मार्गाच्या रेघेवर ठिपका होऊन यायचा.

सव्वाअकराला तो आला नाही.

"चुकतो एखादा निरोप," शेजारच्या टेबलावरचे साहेब म्हणाले. ते तीस वर्षं हेच काम करत होते.

साडेअकरालाही आला नाही. साहेब उठून तिच्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले. त्यांनी नियंत्रण कक्षाला फोन लावला. तिथेही विमान सापडत नव्हतं. फोन ठेवताना त्यांनी तिच्याकडे बघायचं टाळलं.

पावणेबाराला ठिपका उगवला. दोरीबाई पडद्यावर झुकली.

ठिपका बरोबर रेघेवर होता, पण फार पुढे. पाऊण तासात विमानानं पावणेदोन तासांचं अंतर कापलं होतं.

"यंत्र काहीतरी बरळतंय," साहेब म्हणाले. "सुखरूप आहे ना, मग झालं."

विमान अडीचला उतरलं. बहीण धावतपळत हॉस्पिटलात पोचली. बाबांनी तिचा हात पूर्ण वीस मिनिटं धरून ठेवला. ऑपरेशन सुरळीत झालं. संध्याकाळी डॉक्टर मनापासून हसले, तेव्हा दोघी बहिणी बाहेरच्या बाकावर एकमेकींना टेकून पोटभर रडल्या. दोरीबाईच्या छातीवरचा धोंडा उतरला.

"ताई, एक सांगू?" बहीण म्हणाली. "मधे बराच वेळ खिडकीबाहेर मिट्ट काळोख होता. सकाळ असून. कानाला दडे बसले. पण कोणीच काही बोललं नाही."

"ढग असतील," ती म्हणाली. त्या घडीला तिला दुसरं काही नकोच होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिनं इंधनाचा कागद पाहिला. सात टन जास्त उरलं होतं. यंत्र बरळेल, पण टाकीत इंधन खरोखरच होतं.

"साहेब, दोरीहून जवळची वाट असते का?"

"एकच. पृथ्वीच्या पोटातून," साहेब म्हणाले आणि हसले. तीही हसली. बाबांनी सकाळी उठून बसून पेपर मागितला होता; तिला आज कशावरही हसू येत होतं.

तेवढ्यात विमानाची तपासणी करणारा मेकॅनिक आत आला. त्याच्या हातात कागदी पेला होता. तो त्यानं जपून टेबलावर ठेवला.

"कालच्या विमानात सापडलं. खिडकीच्या दोन काचांमध्ये. तिथे मुंगीसुद्धा शिरत नाही."

पेल्यात मूठभर काळी, ओलसर माती होती. तिच्यात दोऱ्यासारखी पांढरी मुळं.

"किती खिडक्यांत?" साहेबांनी विचारलं.

"सगळ्या," तो म्हणाला. "आणि मुळांची टोकं आतल्या बाजूला वळलीयत. सीटांकडे."