लाल सॅटिनची टोपी

बुधवारा बाजारातल्या माझ्या शिलाईच्या दुकानात तो वाकून शिरला, आणि माझ्या हातातली कात्री तशीच राहिली. खांद्यापर्यंत जटा! काळ्याभोर, बोटाएवढ्या जाड, एकेक वेगळी... बाई गं, मी चक्क हात जोडले. आमच्याकडे जट म्हणजे देवी.

"अहो, काय करताय!" तो गडबडला. "देवी-बिवी नाही, इंदूरच्या पार्लरात करून घेतल्यात. ड्रेडलॉक म्हणतात. मी मयूर, फोपनार गावचा."

"मी कोकिळा," मी म्हटलं, पण नजर काही हटेना. "हात... लावून बघू?"

"बघा ना." मान लगेच पुढे केली. लबाड!

मग त्याने अडचण सांगितली. जटा नव्या, अजून घट्ट बसायच्या होत्या. झोपेत उशीवर घासून सुटत होत्या, वरून गादीचा कापूस अडकत होता. आणि त्याची आई, गोदाबाई! पोराच्या डोक्यात देवी आली म्हणून ती पहाटे गुपचूप कुंकू लावायची, वाटीभर खोबरेल चोळायची. त्या तेलाने जटा सैल पडत होत्या.

"किती समजावलं, मानतच नाही. असंच चाललं तर सगळ्या सुटणार. मग सरळ टक्कल." तो हसला खरा, पण आवाज पडला होता. "शाळेपासूनचा सपना आहे यार हा."

टक्कल? हे सगळं जाणार? छे!

"झोपताना घालायला सॅटिनची टोपी शिवते," मी म्हटलं. "सॅटिनवर केस घासत नाहीत."

"आई काढून टाकेल."

"नाही काढणार. बघाच तुम्ही."

डोक्याभोवती टेप फिरवला आणि आकडाच विसरले. पुन्हा घेतला, पुन्हा विसरले.

"डोकं एवढं कठीण आहे का माझं?" तो खाली बघत म्हणाला.

"गप्प बसा हो—"

देवीच्या चुनरीसारखं लालभडक सॅटिन काढलं, काठाला जरीची किनार लावली आणि टोपी त्याच्या हातात दिली.

पुढच्या बाजाराच्या दिवशी तो परत आला. जटा शाबूत होत्या, उलट जास्तच देखण्या झाल्या होत्या. मी बघतच राहिले.

"कमाल केलीस!" तो म्हणाला. "आई वाटी घेऊन आली, टोपी बघितली, आणि लांबूनच नमस्कार करून परत गेली. देवीचं वस्त्र कसं काढायचं म्हणे! तेव्हापासून तेल बंद! मग मीच सांगितलं, टोपी एका पोरीने शिवलीय. आता रोज विचारते, कोण रे ही, इतका जीव लावून शिवणारी?"

"मग... काय सांगितलंत?"

"अजून काहीच नाही. आधी तुला विचारायचं होतं." तुम्हीवरून तो तूवर कधी आला, कळलंच नाही. "सांगू का आईला... तुझी सून म्हणून?"

मशीनवरचा माझा पाय थांबला. असा देखणा माणूस, आणि माझ्या तोंडाकडे बघत उभा! हात आपोआप जुळायला लागले.

ते त्याने मधेच धरले. "नमस्कार खूप झाले, कोकिळा. हो म्हण ना."

"हो," मी म्हटलं. "पण टोपी रोज घालायची. मला या जटा अशाच हव्यात."