तिला न आठवणारी दुपार

"अहो, उठा... तुम्ही माझ्या वडिलांच्या चष्म्यावर बसलायत!"

ती सावकाश उठली. बाकावर काडी मोडलेला चष्मा पडला होता. "मला कळलंच नाही," ती म्हणाली, आणि तिचे डोळे भरून आले. ते चष्म्यापायी नव्हे, हे त्याला उमगलं.

"रडू नका हो. माझं चष्म्याचंच दुकान आहे. बाबांनी एकदाचा नवा घ्यावा म्हणून मी देव पाण्यात घालून बसलो होतो."

हॉस्पिटलच्या मानसोपचार विभागातला तो बाक. खिडकीबाहेर पाऊस रेंगाळलेला. ती तलावावर पोहायला शिकवायची, पण कित्येक महिन्यांत पाण्यात उतरली नव्हती. अंघोळसुद्धा ताईनं ढकललं तरच. गोळ्या बदलून बदलून झाल्या, तेव्हा डॉक्टरांनी शॉक ट्रीटमेंट सुचवली. ताई आत त्यांच्याशीच बोलत होती. चष्मेवाल्याचे बाबा त्याच उपचारासाठी आत होते.

"दुखतं का?" तिनं विचारलं.

"भूल देतात. अंग सैल पडायचं औषध देतात. फिट येते, पण शरीर जेमतेम हलतं. सिनेमात दाखवतात तसं काही नाही. जाग आली की बाबा डोकं धरून बसतात, जबडा दुखतो म्हणतात आणि मला विचारतात, आपण कोण?" तो हसला, मग त्यानं हसू आवरलं. "थोड्या वेळानं ओळखतात. पण अलीकडचं बरंच पुसलंय. आम्ही घर बदललं, ते त्यांच्या गावीही नाही. परत आठवेल का, हे डॉक्टरही छातीठोकपणे सांगत नाहीत."

"मग कशाला करता?"

"परवा चहा गार आहे म्हणून माझ्यावर खेकसले. आई गेल्यापासून पहिल्यांदाच त्यांना काहीतरी हवं होतं."

पुढच्या तपासणीला ती आली, तेव्हा ताईला सोडून त्याच्याच शेजारी बसली. बाबांनी तर तिचं नावच पाडलं — मासोळी.

"डोळे तपासायला या की दुकानात," तो एकदा म्हणाला.

"माझे डोळे चांगले आहेत."

"म्हणूनच म्हणतोय..."

तिच्या ओठांचा कोपरा जरासा हलला. तेवढ्यावर त्याचा आठवडा गेला.

एका दुपारी पोर्चमध्ये पावसाकडे बघत ती म्हणाली, "शॉकला होकार दिलाय मी. सोमवारपासून. सही माझीच आहे, ताईची नाही."

त्यानं मान डोलावली. मग त्याला राहवलं नाही. "तुम्ही मला आवडता... आत्ता बोलू नये, कळतंय मला."

तिनं पागोळ्यांवरची नजर काढली नाही.

"मला काहीच वाटत नाही हो," ती म्हणाली. "तुमच्याबद्दलच असं नाही. सकाळ झाली, याचंही वाटत नाही."

"उत्तर नकोच आहे मला."

उपचार सुरू झाले. पहिल्या दोन-तीन वेळा काहीच फरक नाही. ताई जिन्यात उभी राहून रडायची. मग एके दिवशी बहिणीनं तिच्याकडे आपणहून जेवायला मागितलं. चष्मेवाला भेटायला गेला, तर ती ओळखीचं हसली.

"तुम्ही चष्म्याच्या दुकानाचे ना? बाबा कसे आहेत?"

"मजेत. तुम्हाला पोर्चमधली ती दुपार..."

"कुठली?"

"काही नाही. पाऊस होता."

घरी हे ऐकून बाबा चिडले. "तोंडाला कुलूप का लावलंस, गधड्या?"

"नुकती कुठे सावरतेय, बाबा. तिच्यावर माझं ओझं कशाला?"

दिवस गेले. तो अधूनमधून तिच्या घरी चौकशीला जात राहिला. ती पुन्हा कामावर रुजू झाली. एका संध्याकाळी तिनं त्याला तलावावर बोलावलं. मुलं घरी गेली होती. ती काठावर, पाय पाण्यात सोडून बसली होती.

"एक सांगायचंय," ती पाण्याकडे बघत म्हणाली. "दार वाजलं की मला वाटतं, तुम्हीच असाल. नसलात की... चिडचिड होते माझी. हसू नका."

तो हसत नव्हता. आता लपवणं त्याला जमेना. त्यानं ती दुपार तिला सांगितली, सगळी.

तिचा चेहरा उतरला. "मी काय म्हणाले?"

"काहीच वाटत नाही, म्हणालात."

"आणि तरी येत राहिलात?"

"खरं बोलला होतात."

आपल्या आयुष्यातली ती दुपार दुसऱ्याच्या तोंडून ऐकायची... तिला रडू आलं, आणि तिनं ते अडवलं नाही.

"हे दुखणं परत येऊ शकतं," ती म्हणाली. "म्हणून तर गोळ्या चालू आहेत. पुन्हा झटके घ्यावे लागले, तर आजचंही जाईल का?"

"जाऊ शकतं," तो म्हणाला.

तिनं डोळे पुसले. त्याची बाही धरून त्याला ओल्या फरशीवर शेजारी बसवलं.

"मग आज लवकर जाऊ नकोस."