लाल दोऱ्याचं बूच

"माझ्या बशीतलं पाणी कोणी प्यायलं ते आधी सांगा," पावशेरने प्रयोगशाळेच्या दारातूनच जाहीर केलं. "नाव कळल्याशिवाय मी आत येणार नाही."

"नको येऊस. तेवढीच हवा खेळती राहील," दुर्बीण म्हणाली. ती खिडकीत बसून वहीत काहीतरी मांडत होती. तिच्या चष्म्याची भिंगं जाड, आणि वही त्याहून जाड.

सुट्टीतल्या विज्ञान शिबिराचा तो तिसरा दिवस होता. बाईंनी काल सकाळी तिघांना पाच-पाच चमचे पाणी मोजून दिलं होतं. पावशेरला पसरट बशीत, दुर्बिणीला अरुंद तोंडाच्या बाटलीत, आणि बंबला घट्ट बुचाच्या बाटलीत. आज बशी कोरडी ठणठणीत, दुर्बिणीचं पाणी जरासं उतरलेलं, आणि बंबचं जसंच्या तसं.

"कोणी प्यायलं नाही रे," बाई हसल्या. "पाणी हवेत गेलं. उकळावं लागत नाही त्याला. बसल्या जागेवरून गुपचूप वाफ होऊन निघून जातं. यालाच बाष्पीभवन म्हणायचं. तोंड जेवढं मोठं, तेवढं लवकर आटतं."

"म्हणजे पावशेरचं काही खरं नाही," दुर्बीण म्हणाली.

पावशेर वर्गात सगळ्यात बुटका, आवाजाने मात्र चांगला पाच शेर. तोही हसला. बंब तेवढी हसली नाही. एरवी ही मुलगी पटकन तापायची, म्हणून तर ते नाव. आज ती कोपऱ्यातल्या धुण्याच्या कुंडीकडे बघत बसली होती. कुंडी कोरडी होती. तिथे परीक्षानळ्या धुणारी आत्या आज नव्हती.

बाई फळा पुसायला वळल्या, तशी बंब हळूच म्हणाली, "आत्याला काढणार आहेत."

आत्या म्हणजे बंबची आत्या. एकोणीस वर्षं ती या प्रयोगशाळेची परिचर होती. बंब तिच्याच घरी लहानाची मोठी झाली. तिच्याच पगारावर आणि तिच्याच गाण्यांवर. आत्या नळ्या धुताना सुद्धा ओव्या गायची, आणि त्या ओव्यांत देव कमी, बाटल्याच जास्त असायच्या.

"झालं काय पण?" पावशेरचा आवाज खाली आला.

"परवा पाहणीचं पथक आलं होतं. स्पिरिटची मोठी बरणी वीतभर रिकामी निघाली. काटेकोर सरांनी सगळ्यांसमोर आत्याला विचारलं, 'किल्ली कोणाकडे होती?' ती म्हणाली, माझ्याकडे. तर म्हणाले, 'मग स्पिरिटला पाय फुटले का?' आणि मग..." बंबने ओठ दाताखाली धरला. "मग पुढे वाकून तिच्या कामाच्या कोटाचा वास घेतला. सगळ्यांसमोर. म्हणाले, 'येतोय की वास. आणखी काय पुरावा हवा?' येत्या शनिवारी शाळेची समिती बसणार आहे. तोवर कामावर यायचं नाही, आणि त्या दिवशी तिला कामावरून कमी करतील."

काटेकोर सर म्हणजे शाळेचे भांडारप्रमुख. नाव मुलांनी ठेवलेलं, पण ते त्यांना आवडायचं.

"आत्या काय म्हणते?"

"काही म्हणत नाही. तो कोट तिने तीनदा धुतला. गाणं बंद आहे." बंबच्या कानशिलांना लाली चढली. "मी सोडणार नाही त्यांना. खुर्चीला डिंक लावते. सायकलची हवा सोडते. दोन्ही चाकांची."

"मग आत्या चोर आणि भाची गुंड, दोन्ही एकदम पक्कं होईल," दुर्बीण म्हणाली. "सूड घ्यायचा तर मापात घ्यावा. त्यांनी दिलं तेवढंच परत. थेंब जास्त नाही, थेंब कमी नाही."

बंबने आपली वही उघडली. मग वहीच्या शेवटच्या पानावर तिने सरांची तीन वाक्यं एकाखाली एक लिहून काढली. पेन्सिल इतकी दाबून, की मागच्या पुठ्ठ्यावरही अक्षरं उठली.

दुपारी बाईंनी तिघांना चंचुपात्रं आणायला भांडारात पाठवलं. आत स्पिरिटचा उग्र वास कोंडला होता. फळ्यांवर बाटल्या कवायतीला उभ्या असल्यासारख्या, आणि प्रत्येकीच्या डोक्यावर पांढऱ्या कागदाची टोपी.

"या टोप्या कधीपासून?" दुर्बिणीने विचारलं.

"महिना झाला," बंब म्हणाली. "पाहणीसाठी. आत्या चार दिवस रजेवर होती तेव्हा सरांनी काचेची सगळी बुचं काढून, घासून चमकवून परत लावली. वर टोप्या घातल्या. आत्याला म्हणाले, पथक येईपर्यंत एकाही टोपीला हात लावायचा नाही. पथक मात्र महिनाभर उशिरा आलं."

दुर्बीण मोठ्या बरणीवर नाक टेकवूनच उभी राहिली. "गळ्याला हा लाल दोरा कसला? कापलेला दिसतोय."

"आत्याची खूण," बंब म्हणाली. "काचेचं बूच ज्या बाटलीसाठी घासलेलं असतं तिलाच नीट बसतं. दुसरीला बसल्यासारखं दिसतं, पण बसत नाही. म्हणून बाटलीला आणि तिच्या बुचाला ती एकाच रंगाचा दोरा बांधते. सरांना ते गबाळं वाटायचं."

बोलता बोलता ती थांबली. तिला आत्याची ओवी आठवली आणि ती नकळत गुणगुणली:

"लाल दोऱ्याची बाटली, तिला लालच झाकण,
दुसरीचं लावशील, तर उडेल तिचं मन."

तिने टोपी उचलली. बुचाच्या मुठीवर दोऱ्याची कापलेली गाठ होती. निळी. बंबने बुचाला बोट लावलं. टिक्. पलीकडून लावलं. टिक्. बूच दुधाच्या दातासारखं हलत होतं.

"सर दोरे कापत गेले आणि बुचं एकातली दुसऱ्यात गेली," दुर्बीण पुटपुटली. "महिनाभराचा उन्हाळा, आणि स्पिरिट तर पाण्याच्या कितीतरी आधी उडतं."

"चला, मोठ्या बाईंना सांगू," पावशेर दाराकडे निघालाही.

"थांब," बंब म्हणाली. तिचा आवाज आता गार होता, आणि गार झालेली बंब तापलेल्या बंबपेक्षा भयंकर, हे दोघांनाही ठाऊक होतं. "सर म्हणतील, मुलांनीच बुचं बदलली. ते नाही चालणार. त्यांच्याच किल्लीखाली, त्यांच्याच हाताने झालं पाहिजे."

संध्याकाळी तिघं काटेकोर सरांसमोर उभी राहिली. त्यांच्या टेबलावरच्या पेन्सिली उंचीप्रमाणे लावलेल्या होत्या.

"सर, शिबिराच्या शेवटच्या दिवसासाठी एक प्रयोग आहे," पावशेर शक्य तितका गरीब चेहरा करून म्हणाला. "दोन बाटल्यांत सारखं स्पिरिट भरून आठवडाभर ठेवायचं. पण जपून ठेवणारा माणूस अगदी भरवशाचा हवा. आम्हाला दुसरं नाव सुचेना."

"सुचणार कसं?" सर म्हणाले. "बुचं कुठली आहेत?"

"तुम्ही पाहणीसाठी लावलेलीच, सर," बंब म्हणाली. "आम्ही हातसुद्धा लावला नाही."

भांडारातल्या दोन छोट्या बाटल्या त्यांनी हेरून ठेवल्या होत्या. एकीच्या गळ्याला हिरवा दोरा आणि बुचालाही हिरवाच. नशिबाने तिला तिचंच बूच मिळालं होतं. दुसरीचा गळा पिवळा आणि बूच जांभळं. बाईंनी दोन्हींत एका रेघेपर्यंत स्पिरिट भरलं. जांभळं बूच टिक् वाजलं तेव्हा त्यांनी बंबकडे एक नजर टाकली, पण विचारलं काहीच नाही. सरांनी प्रत्येक बुचावरून कागदाची पट्टी चिकटवली, तिच्यावर झोकदार सही केली, आणि बाटल्या आपल्या लोखंडी कपाटात ठेवून किल्ली खिशात टाकली. त्याच कपाटात त्यांचा काळा कोट टांगलेला होता. तो ते फक्त समारंभाला आणि समितीला घालत. कपाटामागच्या भिंतीवर दिवसभर ऊन असायचं.

"माझ्या ताब्यातली वस्तू थेंबभर कमी होत नाही," ते म्हणाले.

"हे वाक्य लिहून घेऊ, सर?" दुर्बिणीने वही उघडली.

"अवश्य."

ते सहा दिवस बंबला फार लांब गेले. घरी आत्या रोज सकाळी उठून कामावर जायची तयारी करायची आणि मग आठवून खाली बसायची. बंब तिच्याकडे बघायची आणि मनातल्या मनात तीन वाक्यं घोटायची.

शनिवारी अकरा वाजता शिबिराचा समारोप होता, आणि बारा वाजता समिती. मोठ्या बाई म्हणजे मुख्याध्यापिका, समितीचे दोन सदस्य आणि मुलांचे पालक, सगळे काटेकोर सरांच्या खोलीच्या दारात जमले. आत्याही आली होती, धुतलेला कोट घालून, सगळ्यांच्या मागे.

सरांनी किल्ली फिरवली. कपाट उघडलं आणि सगळ्यात आधी बाहेर आला तो वास. पुढचे दोघं खोकले.

हिरव्या दोऱ्याच्या बाटलीतलं स्पिरिट रेघेला टेकून उभं होतं. पिवळ्या गळ्याची बाटली दोन बोटं रिकामी होती. दोन्ही पट्ट्या शाबूत आणि सह्या झोकदार.

सरांनी बाटली उजेडात धरली, उलटसुलट पाहिली. बंब पुढे झाली. तिला वही उघडावी लागली नाही.

"सर, किल्ली कोणाकडे होती?"

"माझ्या... माझ्याकडेच होती."

"मग स्पिरिटला पाय फुटले का?"

सरांनी बाटली टेबलावर ठेवली. बंबने कपाटातला काळा कोट दोन बोटांनी उचलून सगळ्यांना दिसेल असा धरला आणि वाकून त्याचा वास घेतला. सावकाश, अगदी त्यांच्यासारखाच.

"येतोय की वास," ती म्हणाली. "आणखी काय पुरावा हवा?"

मागे आत्याने पटकन तोंडावर हात ठेवला. ती रडत होती की हसत होती, ते कळायला मार्ग नव्हता.

"कोणी... कोणीतरी दुसरी किल्ली..." सर चाचरले.

"कोणी नाही, सर," दुर्बीण म्हणाली, आणि तिने पट्टीवरून बुचाला बोट लावलं. टिक्. टिक्. "तुम्ही आत्याचे दोरे कापलेत आणि बुचांची अदलाबदल झाली. फट केसाएवढी, पण वाफेला तेवढी पुरते. द्रव आत असतो तोवर दिसतो. वायू झाला की कुलपातूनही जातो आणि कागदाच्या पट्टीतूनही. तुमचा कोट वाफेत राहिला म्हणून त्याला वास लागला. आत्याच्या कोटाला लागला तोही तसाच."

"मोठी बरणी बघा," पावशेर म्हणाला. "गळा लाल, बूच निळं."

मोठ्या बाई स्वतः भांडारात गेल्या. त्यांच्या बोटाखाली मोठ्या बरणीचं बूच दोनदा वाजलेलं सगळ्यांनी ऐकलं. परत आल्यावर त्यांनी आधी बंबच्या हातातला कोट घेऊन खुर्चीवर ठेवला, मग सरांकडे वळल्या.

"बारा वाजताची समिती बसणार नाही. तुम्ही जे बोललात ते पथकासमोर बोललात, तेव्हा पथकालाच पत्र लिहा. आजच. आणि आत्ता इथे, सगळ्यांसमोर, ज्यांना बोललात त्यांची माफी मागा."

सरांनी मागितली. शब्द तोंडातून निघताना अडखळले, पण निघाले.

"बारा-तेरा वर्षांच्या मुलांनी हे शोधलं आणि मोजून दाखवलं," मोठ्या बाई तिघांना म्हणाल्या. "एकोणीस वर्षं जिने सांभाळलं तिला मात्र आम्ही एक प्रश्न धड विचारला नाही. तुमचं कौतुक वाटतं, आणि आमची लाज." मग त्या आत्याकडे वळल्या. "आता या बुचांचं काय करायचं? तुम्ही म्हणाल तसं."

आत्याने डोळे पुसले. "ज्यांनी काढली त्यांनी लावावीत," ती म्हणाली. "मी बघायला बसेन."

आणि दुपारभर शाळेने ते पाहिलं. आत्या खुर्चीत बसली होती. काटेकोर सर बाह्या सरसावून एकेका बाटलीला तिचं बूच शोधत होते. एकूण त्रेचाळीस बाटल्या होत्या.

"हलवून बघा, सर," आत्या म्हणायची.

टिक्.

"पुन्हा."

बंब दारात बसून मोजत होती. प्रत्येक 'पुन्हा'ला तिच्या छातीतलं काहीतरी इंचभर खाली उतरत होतं.

"पुरे का आता?" पावशेरने विचारलं.

"चौदाच झाल्यात," बंब म्हणाली.

ऊन कलताना मोठ्या बरणीची पाळी आली. लाल गाठीचं बूच गळ्यात बसलं आणि वाजलं नाही. आत्याने खिशातून लाल दोऱ्याचं रीळ काढून सरांच्या हातावर ठेवलं.

"गाठ घट्ट मारा," ती म्हणाली, आणि कुंडीचा नळ सोडून नळ्या धुवायला उभी राहिली. पाण्याच्या आवाजात तिचं गाणं कधी मिसळलं, ते दारात बसलेल्या बंबला सगळ्यांच्या आधी ऐकू आलं.