पळसाच्या पानांचा भैयालाल

विश्वास ठेवा किंवा ठेवू नका, पण हे माझ्या सख्ख्या मावशीच्या बाबतीत घडलेलं आहे.

साल १९६२. भिलाईत कारखाना उभा राहत होता. आणि वेळ रात्रीची नव्हती... चांगली भर दुपारची होती.

मथुरामावशीचा नवरा भैयालाल कारखान्यात लोखंडी तुळया वर चढवायच्या कामावर होता. परत निघालेल्या एका रशियन साहेबानं त्याला पाण्याखाली बघायचा काचेचा चष्मा आणि तोंडात धरायची रबरी नळी दिली. गड्यानं जवळच्या कोहका गावच्या तळ्यात सराव सुरू केला. तोंड पाण्यात, पाठ वर, आणि नळीतून श्वास...

फुऽऽस्... फुऽऽस्...

म्हशी बिचकल्या. माणसं पोट धरून हसली.

पुढे एका ठेकेदारानं त्याला बोटींचा धक्का बांधायला अंदमानात नेलं. सोबत कुरुद गावचा नत्थू होता. सुट्टीवर आला की भैयालालला दुसरा विषय नसायचा.

"ऐतवारी आमी शिडाची होडी काढतो, मथुरा. या बेटावून त्या बेटावर. पाण्यात तोंड घातलं का खाली पोवळ्याचं जंगल! हरणाच्या शिंगावानी फांद्या, न् हळदीच्या रंगाच्या मासोळ्या. एक डाव तुले दाखवतो."

"मले नाही पाहाच. तुमी वापस या, म्हंजे झालं."

भाद्रपदात तार आली.

पोवळ्याच्या खडकांवर तो पोहत असताना वादळ उठलं. होडी एकीकडे गेली, तो दुसरीकडे. प्रेतही मिळालं नाही.

मावशीनं कुंकू पुसायला साफ नकार दिला.

आणि मग ती दुपार. कारखान्याच्या वसाहतीत, सेक्टरमधल्या क्वार्टरात ती, तिची सासू राधाबाई आणि भासरे हिरालाल, म्हणजे भैयालालचा मोठा भाऊ, एवढेच राहत. हिरालाल ड्यूटीवर होता. मावशी तांदूळ निवडत बसली होती. नळाला पाणी नव्हतं.

नळातून आवाज आला...

फुऽऽस्...

तिनं तोटी उघडली. थेंब नाही. कान लावला.

श्वास होता. दमलेला, घाईचा. मध्येच एक श्वास चुकायचा. तळ्यातही भैयालालचा असाच चुकायचा.

"आत्याबाई, आयका! ते जिते हायत!"

राधाबाईनं कान लावला. "हवा हाय नळात, पोरी."

पण म्हातारीचाही जीव थाऱ्यावर नव्हता. "भैया रोज सपनात येते माह्या. माय, पाणी दे म्हणते. त्याले गती नाही भेटली, बाई."

"तहान जित्या माणसाले लागते, आत्याबाई!"

कोण ऐकतो! प्रेत नसलं तर पळसाच्या पानांचा पुतळा करून जाळायचा, ही आमच्याकडची रीत. जाणती माणसं त्यासाठी वर्षानुवर्षं वाट बघायला सांगतात. पण पितृपक्ष लागला होता. भाऊ तहानलेला फिरतो आहे, त्याला या पक्षात तरी पाणी मिळावं, असं हिरालालनं ठरवलं. पंचमीचा दिवस धरला.

मावशी रोज नळाला कान लावून बसायची.

श्वास चालू होता...

पंचमीला सकाळी पुतळा तयार झाला. पानांचं अंग, नारळाचं डोकं. वर भैयालालचाच सदरा. बायकांनी मावशीच्या बांगड्या फोडल्या. तिची ताकद कुठवर पुरणार?

भासऱ्यासमोर ती कधी बोललेली नव्हती. तशी पद्धतच नव्हती. त्या दिवशी डोक्यावर पदर नसताना ती दारात आडवी झाली.

"भासरेजी, पाया पडतो तुमच्या. नका जाळू त्याईले!"

हिरालालचे डोळे भरले होते. पण त्यानं मान फिरवली आणि पुतळा उचलला. पुरुषमंडळी शिवनाथ नदीवर गेली.

ती नळाशी बसली.

फुऽऽस्... फुऽऽस्...

मग श्वास वाढला. भराभर... भराभर...

आणि थांबला.

तिनं तोटीवर थापा मारल्या, हाका मारल्या. काही नाही. थोड्या वेळानं नळाला नेहमीसारखं पाणी आलं.

दिवाळीच्या आधी नत्थू गावी आला तो थेट क्वार्टरात. हिरालालनं त्याला खाटेवर बसवलं. नत्थू मान वर करेना.

"तार घाईत गेली, हिरालालभाऊ. भैया जिता होता."

हिरालाल त्याच्यासमोर खाली बसला.

"एका उजाड बेटावर सापडला आमाले. खडकातलं बरसातीचं पाणी चाटून राहिला होता. होडीत घेतला, पाणी पाजलं. हासला, बिडी मांगितली. मथुराले पोवळं नेतो म्हणे. न् एकाएकी बोंबलला... आंग जळून राहिलं म्हणे. आमी बालट्यांनी पाणी ओतलं. आंगावर एक फोड नाही, भाऊ. पण गेला."

"कवा?" मावशीनं विचारलं.

"पंचमीले. सकाळी."

हिरालालनं विचारलं, "आखरीले काही बोलला का?"

"तुमचंच नाव घेत होता. दादा, थांब... दादा, थांब... आमी म्हटलं, अरे, तुहा दादा तं भिलाईले हाय."

हिरालाल त्यानंतर कुणाच्याही मयताला गेला नाही. मावशीनं त्याला दोष दिला नाही, पण त्याच्याशी ती पुन्हा बोललीही नाही.

भैयालाल नक्की कशानं गेला, हे आमच्या घरात कुणी विचारत नाही. मीही विचारलेलं नाही. पण दर पितृपक्षात पंचमीला त्याच्या नावाचं पान वाढताना पाण्याचा तांब्या ठेवायचं मी चुकवत नाही.