पलीकडच्या काठावरची मागणी

ताईचं ते पत्र त्याला बत्तीस वर्षं तोंडपाठ होतं... ‘पलीकडच्या काठच्या शाळेतल्या मास्तरांनी मला मागणी घातली आहे. आईला तू तुझ्याकडे नेशील का? तुझा होकार आला तरच मी पुढे बोलेन.’ एवढंच! आणि जन्मभर ग्रंथालयात, पुस्तकांच्या राशीत वावरलेल्या त्या माणसाने या एवढ्याशा पत्राला एका ओळीचंही उत्तर पाठवलं नव्हतं.

आईचे दिवस उरकल्यानंतर तो ताईच्या गावाकडे फिरकलाच नव्हता. आज मुलीच्या हट्टापुढे त्याचं काही चाललं नाही. ती गाडी चालवत होती आणि नदी सोबतीला होती. कधी लव्हाळ्यांआड दडणारी, कधी एकदम वळण घेऊन चकाकत समोर येणारी.

“बाबा, हाच का तो उतार?”

“हाच. ताई मला इथूनच पाण्यातून पलीकडे शाळेत न्यायची. माझं दप्तर तिच्या डोक्यावर आणि मी तिच्या पाठीवर.”

“म्हणजे दोन्ही ओझी आत्याकडेच!” मुलगी हसली. त्याला हसू आलं नाही.

वडील गेले तेव्हा ताई जेमतेम अठराची. पुलाच्या खांबावरची पट्टी वाचून सकाळ-संध्याकाळ पाण्याची पातळी लिहून ठेवायची, ही वडिलांची नोकरी तिने पत्करली, ‘धाकटा शिकू दे’ म्हणून! पुरात, तापात, पुढे अंथरुणाला खिळलेल्या आईचं सगळं करून... एक दिवस चुकली नाही.

ताई दारातच उभी होती. केस पांढरेशुभ्र, आवाज तसाच खणखणीत.

“आलास का रे पुस्तक्या! की वाट चुकलास?”

चहा झाला, आणि मुलीने भाबडेपणाने विचारलं, “आत्या, तू लग्न का नाही केलंस गं?”

“विचार की तुझ्या बापाला! मी पत्र लिहून विचारलं, तर याला उत्तरच सुचेना. लहानपणापासून असाच. कुणी नाव विचारलं तरी माझ्यामागे लपायचा.” ताई हसली. मग जरा थांबून म्हणाली, “मास्तर वर्षभर थांबले बिचारे. नंतर त्यांची बदली झाली... मी नाही हो मनाला लावून घेतलं. लाजऱ्या माणसावर काय रागवायचं?”

लाजरेपणाचं हे पांघरूण तिनेच मायेने त्याच्यावर घातलं होतं, आणि तो त्याखाली इतकी वर्षं निवांत झोपला होता! “ताई, ते पत्र...” त्याने सुरुवात केली.

“राहू दे रे,” ताई म्हणाली. “जेवून घे.”

परतताना पहिल्याच टपालघरापाशी त्याने गाडी थांबवायला लावली. पाकीट आणलं, मुलीच्या वहीतला कागद फाडून घेतला आणि गाडीतच मांडीवर लिहायला बसला.

‘ताई, उत्तर सुचलं नाही असं नव्हतं. तू गेलीस तर आईला सांभाळणं माझ्यावर येईल, म्हणून मी जाणूनबुजून गप्प राहिलो. नकार लिहायची लाज वाटली. आणि न लिहिताही तू थांबशील, हे मला पक्कं ठाऊक होतं...’

मुलीने वाचलं. तिचा चेहरा उतरला.

“बाबा, हे वाचून आत्या पुन्हा दारात उभं करणार नाही तुम्हाला!”

“तो तिचा हक्क आहे.”

“पण तिने तर केव्हाच माफ केलंय!”

“कशाबद्दल, ते तिला कुठे ठाऊक आहे गं?”

त्याने पाकीट चिकटवलं. पेटीच्या तोंडाशी बोटं क्षणभर अडखळली... मग त्याने ती सैल सोडली.