रोजची माती

थोरल्याच्या पोटातला तो काळा डाग हेमांगी तोरस्कर गेले दोन तास पुसायला बघत होती, आणि तो काही केल्या जात नव्हता.

थोरला हा मंगळावरचा एक डोंगर. अडीचशे वर्षांपूर्वी भंडाऱ्याकडची खाणकामगार मंडळी इथे उतरली, तेव्हा त्यांनी डोंगराला घरातल्या कर्त्या माणसाचं नाव दिलं आणि पायथ्याच्या वस्तीला आपल्या गावाचं. त्या नवतुमसरच्या घुमटांखाली आज तीस हजार माणसं राहत होती. मंगळावर पोलादाचा असा एक घुमट नव्हता ज्यात थोरल्याचं मँगनीज नव्हतं. अर्थात एवढं सगळं दिल्यावर डोंगर आतून जितका पोखरला जायचा तितका पोखरला गेला होता.

त्याचा माथा दर वर्षी चार सेंटिमीटर खाली येत होता. उपग्रहांच्या नोंदींवरून ही गोष्ट जगापुढे मांडली ती हेमांगीनेच, सहा वर्षांपूर्वी, पृथ्वीवर बसून. डोंगराच्या मधोमध ‘आदिखाण’ नावाची नव्वद मीटर खोल पोकळी होती. सुरुवातीच्या दहा वर्षांत ती यंत्रांनी उपसली होती आणि नंतर तिचं दार कायमचं बुजवून टाकलं होतं. तिचं छत खचतं आहे, हे हेमांगीचं निदान. तीस वर्षांत माथा कोसळेल आणि दरड थेट शहरावर येईल. त्या निबंधाने तिचं नाव झालं. वारसा मंडळाने त्यावरून योजना आखली: माथ्याचा वरचा चाळीस मीटर भाग सुरुंगांनी उडवायचा आणि तो राडारोडा आदिखाणीत भरून टाकायचा. डोंगर वाचेल. पण एवढे सुरुंग घुमटांना सोसणार नाहीत, तेव्हा शहर आधी रिकामं करायचं, ते कायमचं. उद्या सकाळी मंडळाची बैठक होती आणि निर्णयाच्या कागदावर तिची सही लागणार होती.

त्यापूर्वी तिला डोंगराचं गुरुत्वचित्र पुरं करायचं होतं; पडद्यावरचा तो डाग त्याच चित्रातला. त्यासाठीच ती सात महिन्यांचा प्रवास करून आली होती.

“मॅडम, चहा,” खाणीचा भूशास्त्रज्ञ खेमराज टेंभरे आत येत म्हणाला. तो इथलाच, सहाव्या पिढीतला. “अजून तो डागच का?”

“बस. तूच सांग मला. आपण काय केलं? डोंगरावर चारशे ठिकाणी गुरुत्ववेधी ठेवला. त्याच्या नळीत गोठवलेले अणू खाली पडतात. खाली भरीव खडक असेल तर ते केसभर लवकर पडतात, पोकळी असेल तर केसभर उशिरा. बरोबर?”

“बरोबर. म्हणजे आपण डोंगर वजनकाट्यावर ठेवला.”

“मग हे बघ. आदिखाणीत निव्वळ हवा असायला हवी. पण तिच्या तळाशी काहीतरी जड आहे. गणकयंत्र त्याला उपकरणाचा दोष म्हणून बाजूला काढतं, आणि मी दुरुस्ती केली की ते परत येतं.”

खेमराज पडद्याजवळ गेला. “दोष म्हणून का काढतं?”

“कारण मीच तसा नियम घातलाय. खाणीतलं वस्तुमान फक्त कमी होऊ शकतं. खाणीतून माणसं माल बाहेर काढतात, आत नेऊन ठेवत नाहीत.”

खेमराजने काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. मग म्हणाला, “नियम काढून पाहा ना एकदा.”

तिने नियम काढला. गणकयंत्राने दहा मिनिटं घेतली आणि पडद्यावर एक शंकू उभा राहिला. पन्नास मीटर उंच, अगदी सुबक. शेजारी आकडा उमटला: पाच लाख वीस हजार टन.

हेमांगीचा चहा तसाच राहिला. “हे छताचे तुकडे असतील,” ती म्हणाली. “छत पडतंय.”

“मग छताला तेवढंच मोठं खबदाड पडलेलं दिसलं असतं. छत तर जागच्या जागी आहे.” खेमराजने छताच्या वरच्या रेषेवर बोट ठेवलं. “आणि मॅडम, मी मागंच कळवलं होतं. छताच्या वरून जो वरचा बोगदा जातो, त्यातल्या आमच्या खुणा वीस वर्षांत तसूभरही खाली आल्या नाहीत. पृथ्वीवरून उत्तर आलं, तुमची उपकरणं जुनी आहेत.”

ते उत्तर हेमांगीनेच लिहिलं होतं.

“डोंगरात हे कोणी नेऊन ठेवलं, खेमराज? तुला माहीत आहे. तुझ्या तोंडावर दिसतंय.”

“मला वाटतंय, पण आकडा इतका मोठा असेल असं कधी मनातही आलं नाही. तुम्ही वर चला. सुगंधाकाकींना सोबत घेऊ.”

सुगंधाबाई मडावी चाळीस वर्षं पाळीप्रमुख होत्या. आता निवृत्त होत्या, पण दुपारच्या पाळीबरोबर तारेवरच्या उडनखटोल्याने वर जायचं त्यांनी सोडलं नव्हतं. खटोल्यात त्या हेमांगीच्या समोर बसल्या आणि शिरस्त्राणाच्या काचेतून तिला निरखत राहिल्या.

“तुमीच का त्या, गाव उठवाले आलेल्या?”

“मी डोंगर वाचवायला आलेय, बाई,” हेमांगी म्हणाली.

“मंग बरं हाय,” सुगंधाबाई म्हणाल्या. “थो आमचाबी हाय.”

खटोला माथ्यावर थांबला. माथा म्हणजे दोनशे मीटर लांब, शंभर मीटर रुंद असं सपाट पठार. तांबूस आकाशाखाली तेराशे कामगार दाब-पोशाखात वरच्या बोगद्याच्या दाराकडे चालले होते. चालता चालता प्रत्येक जण वाकत होता. कोणी एखाद्या पायरीसारख्या कंगोऱ्यावर कुदळीचा घाव घालत होता, कोणी आधीच फुटलेला तुकडा उचलत होता. दारातून आत जाणाऱ्या प्रत्येक माणसाच्या हातात एक गोटा होता.

उपग्रहांची हजारो चित्रं हेमांगीने पाहिली होती. त्यांत माणसं कधी दिसली नव्हती, कारण तिने ती कधी शोधलीच नव्हती.

“घ्या,” सुगंधाबाईंनी तिच्या हातात एक दगड ठेवला. दीड किलोचा असेल, मंगळावर हाताला त्याच्या निम्म्याहूनही हलका. “रिकाम्या हातानं आत जात नाईत.”

वरच्या बोगद्यात हवा होती. शिरस्त्राणं निघाली. अर्धा किलोमीटर आत गेल्यावर बोगद्याच्या जमिनीत एक गोल तोंड होतं, माणूसभर रुंद, भोवती लोखंडी कठडा. आदिखाणीत हवा खेळवायला पाडलेली ही वाऱ्याची विहीर; खालचं दार बुजवलं तरी ती उघडी राहिली होती. रांग तिच्याजवळून सरकत होती. प्रत्येक जण गोटा आत सोडायचा, कपाळाशी हात नेऊन नमस्कार करायचा आणि कामाला जायचा. कोणी थांबत नव्हतं, कोणी काही म्हणत नव्हतं.

“आदिखाणीत छत सुटलं तवा एकतीस जण आत राहिले,” सुगंधाबाई सांगू लागल्या. “काढता आले नाईत. वरून सरकारचा हुकूम आला, दार बुजवा. बुजवलं. पण त्याईले माती द्याची राहून गेली ना. जलमात एकदा मिळते ती माती, थेबी नाई. मंग बायकायनं ठरवलं, मानसायले सांगतलं, तुमी त्याईच्या डोक्यावरून कामाले जाता, तर जाता जाता द्या. पहिल्या दिवशी समद्यायनं देल्ली. दुसऱ्या दिवशी नवी पाळी आली, तिनं देल्ली. मंग बंद कोन करनार? ज्यानं बंद केली, थो त्याईले इसरला असं होते.”

“किती वर्षं झाली?”

“दोनशे चाळीस.”

“आणि किती माणसं?”

“तीन पाळ्या. रोज चार हजार, कमी नाई.” सुगंधाबाईंनी कठड्यावर हात ठेवला. “टाका. अन् मोजा.”

हेमांगीने दगड सोडला. अंधारात तो निःशब्द गेला. एक. दोन. तीन. चार. पाच म्हणायच्या आत खालून, फार खालून, दगडावर दगड पडल्याचा बारीक आवाज आला.

“पहिल्या पाळीनं सातपर्यंत मोजलं, असं माही आजी सांगे,” सुगंधाबाई म्हणाल्या.

हेमांगीने कठडा घट्ट धरला. नव्वद मीटर पडायला मंगळावर सात सेकंद लागतात. चाळीस मीटरला साडेचारच्या वर. उरलेले पन्नास मीटर माणसांच्या हातांनी भरले होते. एका वेळी एक दगड. ज्यांनी भरले त्यांतल्या कोणीही ते पाहिले नव्हते, पुढेही पाहणार नव्हते. तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते लपवायचा तिने प्रयत्नही केला नाही.

परतीच्या खटोल्यात खेमराजने पाटीवर गणित मांडलं. “रोज चार हजार, वर्षाला साडेचौदा लाख, दोनशे चाळीस वर्षांत पस्तीस कोटी दगड. दीड किलोनं धरा. पाच लाख पंचवीस हजार टन!” तो जवळजवळ ओरडलाच. “मॅडम, तुमच्या काट्यावर पाच लाख वीस. एका टक्क्याचाच फरक!”

हेमांगी खिडकीतून मागे पडणाऱ्या माथ्याकडे बघत होती. तिचा चेहरा उतरला होता.

“खेमराज,” ती हळू म्हणाली, “वस्तुमान शून्यातून येत नाही. ढिगात पाच लाख टन वाढले, तर कुठून तरी पाच लाख टन कमी झाले.”

“माथ्यावरून. आपण पाहिलंच की. सुटे गोटे काकींच्या आजीच्या काळातच संपले, तेव्हापासून कुदळ लावतात.”

“पठाराचं क्षेत्रफळ किती?”

“वीस हजार चौरस मीटर.”

“पाच लाख पंचवीस हजार टन भरीव खडक म्हणजे साधारण एक लाख पंचाण्णव हजार घनमीटर. भागिले वीस हजार.”

खेमराजने आकडे मारले. “पावणेदहा मीटर.”

“भागिले दोनशे चाळीस वर्षं.”

त्याने पुन्हा आकडे मारले. पाटी त्याने तिच्याकडे वळवली. दर वर्षी चार सेंटिमीटर.

डोंगर खचत नव्हता. कधी खचलाच नव्हता. तिने जगाला जी दाखवली होती ती घसरण म्हणजे चार हजार माणसांचं रोजचं वाकणं होतं. बोगद्यातल्या खुणा हलल्या नव्हत्या, कारण हलण्यासारखं काही घडलंच नव्हतं. माथा कमी होत होता तो वरून, आणि तेवढाच आत जाऊन बसत होता. आणि तिच्या एका नियमापायी, खाणीत कोणी काही नेत नाही या तिच्या ठाम समजुतीपायी, तीस हजार माणसं उद्या बिऱ्हाडं बांधणार होती.

“हसाले काय झालं?” सुगंधाबाईंनी विचारलं, कारण हेमांगी आता रडता रडता हसत होती.

“बाई, माथ्याचं वजन उतरवा आणि पोकळी भरा, अशी आमची योजना आहे. ती आखायला आम्हाला सहा वर्षं लागली.”

सुगंधाबाईंनी थोडा विचार केला. “मंग? थेच तर होऊन राह्यलं.”

सकाळी बैठकीला वारसा मंडळाचे नऊ सदस्य होते. अध्यक्ष लोहोकरे शिस्तीचे गृहस्थ, त्यांनी सहीचा कागद आधीच पुढे सरकवून ठेवला होता. हेमांगी उभी राहिली. आपला निबंध चुकीचा होता हे तिने पहिल्याच वाक्यात सांगितलं. मग तिने शंकू दाखवला, विहीर दाखवली, भागाकार दाखवला. एका वयस्क सदस्याने शेजाऱ्याच्या नकळत बोटांवर सेकंद मोजून पाहिले.

“पण मग माथा जपायचा कसा?” एका तरुण सदस्याने विचारलं. “थोरल्याचा आकार हा वारसा आहे. प्रथा बंद केली तरच तो टिकेल.”

“आकार टिकेल,” हेमांगी म्हणाली. “पण पोकळी तशीच राहील, आणि पोकळीवरचं छत आज ना उद्या थकेलच. माथा उतरवून पोकळी भरायची, हाच उपाय तुम्ही मंजूर केलाय. मी त्याला विरोध करत नाही. फक्त त्यासाठी सुरुंग नकोत आणि शहर उठवायला नको. ते काम सुरू होऊन दोनशे चाळीस वर्षं झाली आहेत.”

अध्यक्षांनी चष्मा काढला, पुसला आणि परत घातला. मग कागद आपल्याकडे ओढून त्यांनी शहर रिकामं करण्याचं कलम खोडलं. सुरुंगांचं कलम खोडलं. खाली उरलेल्या मजकुरावर त्यांची लेखणी येऊन थांबली.

“‘काम मंजूर. काम चालू,’ असं लिहितो,” ते म्हणाले. “पण नियमाप्रमाणे इथे कामाच्या प्रमुखाचं नाव लागतं. अभियंता कोण?”

हेमांगीने भिंतीलगत बसलेल्या सुगंधाबाईंकडे पाहिलं. सगळं सभागृह तिकडे वळलं.

सुगंधाबाई गडबडल्या. पदर सावरून उठल्या आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत म्हणाल्या, “आता सकाळची पाळी वर पोचली असंल. दाराशी जाऊन एकेकाची नावं विचारा लागतीन. चाळीसएक पानं जोडा जी कागदाले, आजच्या पुरती.”